मिसरीचा तवा

भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला, तसा शालनचा खालचा एक दात त्या तुकड्याबरोबरच निघून आला. ती ओरडली नाही की काही नाही. दोन बोटांनी दात काढून तिनं ताटाच्या कडेला ठेवला, पदरानं ओठ पुसले आणि पुढचा घास मोडला.

"आई, दात पडला तुझा," ईश्वरी म्हणाली.

"दिसला मला."

"मग?"

"मग काय, परत लावू व्हय? जेव गप."

ईश्वरीचं डोकं तिथंच फिरलं. तसंही ते फिरायला फार वेळ लागायचा नाही. सतरा वर्षांची पोर, राग कायम नाकावर. नववीत असताना गणिताच्या सरांनी भर वर्गात 'बेदाणा निवडणारीची पोरगी बेदाणाच निवडणार' असं म्हटलं, तेव्हा ती दप्तर तिथंच टाकून उठली आणि पुन्हा शाळेची पायरी चढली नाही. सरांचं बोलणं खरं करायला निघाल्यासारखी दुसऱ्याच दिवसापासून आईबरोबर तासगावच्या अलीकडच्या बेदाण्याच्या शेडवर जायला लागली.

शेडवर आता बेदाणा निवडायला बायका नव्हत्या, मशीन होतं. पट्ट्यावरून दाणे पळायचे, वरून कॅमेरा बघायचा आणि डागी दाणा दिसला की हवेचा एक फुत्कार मारून त्याला बाजूला उडवायचा. तरी शंभरातले दोन-तीन दाणे मशीनला चकवायचेच. ते टिपायला ईश्वरी. मुकादम म्हणायचा, कॅमेऱ्याचं चुकलं तरी ह्या पोरीचं चुकणार नाही. शालन पलीकडं खोकी भरायची. सेहेचाळीस वर्षांची बाई, पण खालचे चार दात गेलेले, पाच हलत होते. हसायची वेळ आली की आधी पदर तोंडावर जायचा, मग हसू यायचं.

ह्या घरात तंबाखूचं नाव काढायची सोय नव्हती. ईश्वरीचा बाप गालाच्या कॅन्सरनं गेला त्याला सहा वर्षं झाली होती. माती देऊन आल्यावर शालननं त्याची तंबाखूची पिशवी आणि चुन्याची डबी उकिरड्यावर नेऊन टाकली आणि वर दगड ठेवला. शेजारच्या आक्काताईच्या नवऱ्यालाही ती अंगणात बसून मळू द्यायची नाही.

आणि तरी दर रविवारी सकाळी परसात तीन दगडांवर काठ फुटलेला एक जुना तवा चढायचा. घरातल्या विजेच्या शेगडीवर तो तापायचाच नाही, म्हणून हे दगड राखून ठेवले होते. त्याच्यावर पुडीतली तंबाखू टाकायची आणि धूर निघून काळी कुळकुळीत होईतो हलवत राहायचं. मग पाट्यावर वाटायची, फडक्यातून गाळायची आणि आईच्या छोट्या पितळी डबीत भरायची. ही मिसरी. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर शालन बोटावर घेऊन ती दातांना घासायची, जरा वेळ खालच्या ओठात धरून बसायची, मग चूळ भरायची. तिची आई घासायची, सासू घासायची, गल्लीतल्या निम्म्या बायका घासायच्या. पुडीत असते ती तंबाखू, तव्यावर भाजली की ती दात घासायची पूड. ह्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ वर्षांची असल्यापासून हे भाजायचं काम ईश्वरीकडं होतं. रविवारी बोटांना लागलेला वास बुधवारपर्यंत जायचा नाही.

त्या वर्षी दातांची सरकारी गाडी वाड्यावस्त्यांवर फिरायला लागली. बाहेरून पांढरी, आत खुर्ची आणि खुर्चीवर वाकलेला एक लांब यांत्रिक हात. लोक तिला 'दिव्याची गाडी' म्हणायचे. गाडीत मुजावर मॅडम होत्या. तिशीच्या डॉक्टर, मिरजेच्या, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना देवळापुढच्या कट्ट्यावर बसवून समजावलं होतं.

"दात म्हणजे तुमच्या द्राक्षाच्या मांडवाचा डांब समजा. डांब चांगला असतो, पण बुडातली माती निघून गेली की हलायला लागतो. हिरडी आणि दात यांच्या मध्ये फट पडते, त्यात जंतू घर करतात आणि आतलं हाड झिजतं. हे आतलं हाड म्हणजे ती माती. आजवर आम्ही घाण खरवडून काढायचो, पण गेलेली माती परत येत नव्हती."

"आता येतीया व्हय?" आक्काताईनं विचारलं.

"येते. दोन दिवे आहेत. पहिला लेझर. केसाएवढ्या बारीक तारेतून त्याचा उजेड फटीत जातो. हे जंतू रंगानं काळपट असतात. काळ्या लुगड्याला ऊन कसं जास्त लागतं? तसा तो उजेड काळ्या जंतूंना जाळतो आणि शेजारच्या गुलाबी हिरडीला धक्का लावत नाही. रक्त नाही, टाका नाही. मग दुसरा दिवा, मंद, तांबडा. तो जाळत नाही. हाडाच्या कडेला शरीराच्या झोपलेल्या पेशी असतात, त्यांना तो उठवतो. त्या उठल्या की हाड भरायला लागतात. सहा वेळा बसायचं. दोन महिन्यांत डांब घट्ट."

शालन यायला तयार नव्हती. डॉक्टरपुढं असलं तोंड उघडायची तिला लाज वाटत होती. ईश्वरीनं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठं मंगळवारी निघाली. निघायच्या आधी तिनं मीठ आणि लिंबू घेऊन दात असे घासले की हिरड्यांतून रक्त आलं. पाव्हण्यांकडं जाताना घर झाडून घ्यावं तसं.

गाडीच्या दारात फॉर्म भरायचा होता. मागं तीस-चाळीस माणसं उभी. टॅबवरचे प्रश्न ईश्वरीच भराभर वाचत होती. साखर आहे का, बीपी आहे का, कुठली गोळी चालू आहे का. आठवा प्रश्न आला.

"तंबाखू, गुटखा, मावा, विडी, सिगारेट यांपैकी काही सेवन करता का?"

शालनचा चेहराच बदलला. "माझं माणूस नेलं तिनं. मी तोंडात घालीन व्हय असलं काही?"

ईश्वरीनं 'नाही'वर बोट टेकलं. त्या बोटाला रविवारचा वास अजून होता.

त्या दिवशी गाडीतल्या नर्सनं दातांवरचा सगळा काळा थर काढून टाकला. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खुर्चीत शालन बसली तेव्हा तिचे दात दिसत होते एकदम स्वच्छ. मॅडमनी खालचा ओठ बोटानं खाली ओढला आणि जरा थांबल्या.

"इथं कातडी थोडी सुरकुतल्यासारखी वाटते. मावशी, तंबाखू नाही ना?"

शालनचं तोंड उघडंच होतं, तिला बोलता येईना. ईश्वरी म्हणाली, "फॉर्मवर लिहिलंय की."

"ते बघितलं गं. तरी परत विचारते. तांबडा दिवा झोपलेल्या पेशींना उठवतो, हे सांगितलं ना मी. पण उजेडाला चांगलं-वाईट कळत नाही. तंबाखूनं बिघडलेली एखादी पेशी तिथं निजलेली असली तर तीही उठते. म्हणून अशा माणसाला हा दिवा द्यायचाच नाही, असा नियम आहे."

"नाही म्हटलं ना," ईश्वरी तडकली. "किती वेळा विचारणार? आमच्यासारखं माणूस बघितलं की तंबाखू खाणारच, असंच वाटतं तुम्हाला. माझा बाप त्यानं मेलाय. आमच्या दारात कोण मळत बसत नाही."

मॅडम ओशाळल्या. चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "तसं नाही गं. चुकलं माझं." आणि त्यांनी दिवा लावला.

दिव्यानं काम केलं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. तिसऱ्या वेळेनंतर हिरड्यांतलं रक्त थांबलं. सहाव्या वेळेनंतर मॅडमनी पडद्यावर आधीचा आणि आताचा फोटो शेजारी ठेवला. दातांच्या बुडाशी, जिथं काळी पोकळी होती, तिथं ढगासारखं पांढरं हाड भरून आलं होतं.

संक्रांतीच्या आधी आक्काताईनं उसाची दोन कांडी आणून दिली. शालननं एक कांडं हातात घेतलं, इकडंतिकडं बघितलं, आणि सरळ दातानं सोलायला लागली. साल चर्रकन निघाली. रस हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेला.

"अगं हळू, पोटात ऊस उगवंल तुझ्या," आक्काताई म्हणाली.

शालन हसली. हसताना तिचा हात पदराकडं गेलाच नाही. ईश्वरीनं ते टिपलं. बाप गेल्यापासून तिनं आईचं तोंड हसताना बघितलंच नव्हतं. आईला उजव्या गालावर खळी पडते हे तिला त्या दिवशी नव्यानं कळलं.

"आता जपायचं हं ह्यास्नी," शालन म्हणाली. "फुकट मिळालंय म्हणून हयगय न्हाई करायची."

आणि तिनं जपायला सुरुवात केली. आधी दोनदा मिसरी लावायची, आता चारदा. सकाळी, न्याहारीनंतर, शेडवरच्या सुट्टीत, संध्याकाळी. आधी पाच मिनिटं ओठात धरायची, आता अर्धा तास. दात घट्ट राहायला पाहिजेत. ईश्वरी रविवारी एक पुडी भाजायची ती दोन भाजायला लागली. तिलाही त्यात चूक वाटली नाही. उलट आई स्वतःकडं बघायला लागली म्हणून ती तवा हलवताना गुणगुणायची.

उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. शेडच्या दारात दोघी आणि तिथंच कामाला येणारी आक्काताई डबा खात होत्या. आक्काताई मुकादमाची नक्कल करत होती आणि शालन मान मागं टाकून हसत होती. ऊन सरळ तिच्या तोंडात पडलं होतं. खालच्या ओठाच्या आत, दातांच्या बुडाशी, ईश्वरीला एक पांढरा डाग दिसला. साखर धरलेल्या बेदाण्यावर असतो तसा. असा दाणा तिनं पट्ट्यावरून हजार वेळा उचलून टाकला होता.

"आई, ओठ खाली कर."

"का गं?"

"कर म्हटलं ना."

डाग नखाएवढा होता. मध्ये लाल ठिपका.

"उष्ण पडलं आसंल," आक्काताई म्हणाली. "तूप लाव."

तूप लावलं. पंधरा दिवस लावलं. डाग दोन नखांएवढा झाला आणि लाल ठिपक्याची जखम झाली. तेवढ्यात तपासणीसाठी गाडी परत आली.

मुजावर मॅडम आधी दातांकडं बघून खूश झाल्या. मग ओठ खाली ओढला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी गाडीच्या खिडक्यांचे पडदे लावले आणि निळा दिवा काढला.

"ह्या उजेडात चांगली कातडी हिरवट चमकते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बिघडलेली चमकत नाही."

पडद्यावर शालनचं तोंड दिसलं. सगळीकडं हिरवट उजेड, देवाच्या गाभाऱ्यासारखा. आणि खाली मधोमध काळा खड्डा. ओठापासून हिरडीवर, हिरडीवरून नव्या हाडावर उतरत गेलेला.

"मावशी, खरं सांगा. रागावणार नाही मी. तंबाखू खाता?"

"देवाशपथ न्हाई ओ मॅडम."

"मग हे कशानं झालं? बरोब्बर ह्याच जागेला, जिथं तंबाखूची गोळी धरतात?"

शालन गोंधळली. तिला खरंच मदत करायची होती. "तिथं तर मी काहीच धरत न्हाई. नुसती मिसरी धरती. दातासाठी." तिनं कमरेची पितळी डबी काढली, झाकण उघडलं आणि मॅडमपुढं धरली. "ही बघा की. घरचीच हाय. ईश्वरी भाजती. तुमी दात दिल्यापासनं मी चार-चार येळा लावती. एक दिवस चुकवला न्हाई."

मॅडमनी डबीकडं बघितलं. मग ईश्वरीकडं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ईश्वरीला भांडता आलं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढला आणि खाली मान घालून एप्रनच्या टोकानं पुसत बसल्या.

ईश्वरीनं आपल्या बोटांकडं बघितलं. त्या दिवशी सोमवार होता.

मिरजेच्या दवाखान्यात सांगितलं, खालचा जबडा डावीकडून अर्ध्याच्या वर काढावा लागेल. लवकर.

"हे नवे घट्ट झालेले दात?" शालननं विचारलं.

"त्यांच्यासकट, मावशी," तिथला डॉक्टर म्हणाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी शालननं स्वतः ज्वारीची भाकरी थापली, चांगली कडक भाजली, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायला बसली. एकेक घास ती मोजून चावत होती. सगळी भाकरी संपायला दीड तास लागला. ईश्वरी समोर बसून होती. तिला 'आई, फॉर्म मी भरला होता' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं की आईच्या जबड्याचा आवाज ऐकू यायचा आणि शब्द आतच राहायचा.

ऑपरेशन सात तास चाललं. बाहेर आक्काताई शेजारी बसली होती. "कशानं झालं गं हे?" तिनं दहाव्यांदा विचारलं आणि ईश्वरीचा तोल गेला.

"त्या बाईच्या दिव्यानं झालं. दुसरं कशानं?"

खोटं नव्हतं ते. निम्मं खरं होतं, आणि निम्मं खरं फार वेगानं पळतं. आठवड्याच्या आत साऱ्या भागात पसरलं की दिव्याच्या गाडीनं शालनचं तोंड जाळलं. पुढच्या वस्तीवर पोरांनी गाडीवर दगड मारले. हलत्या दातांची माणसं घरी बसली. गाडी बंद झाली, मुजावर मॅडमना कामावरून दूर केलं आणि चौकशी लागली. इकडं वस्तीवर रविवारी सकाळी घराघरातून तव्याचा धूर पहिल्यासारखाच निघत होता.

चौकशीला लिगाडे नावाचे साहेब आले. शालन पलंगावर उशीला टेकून बसली होती. चेहऱ्याची डावी बाजू आत गेलेली, तोंडावर पदर. बोललेलं कुणाला कळायचं नाही म्हणून तिनं बोलणंच सोडलं होतं. आक्काताई आणि आणखी दोघी बायका दाराशी उभ्या होत्या.

"एकच विचारायचं आहे," साहेब म्हणाले. "दिवा देण्याआधी डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारलं होतं का? त्या म्हणतात विचारलं होतं. फॉर्मवर 'नाही' आहे, पण फॉर्म त्यांनीच भरून टाकला असेल, असं लोकांचं म्हणणं आहे."

शालननं एकदा लेकीकडं बघितलं. आणि साहेबांकडं वळून ठाम मान हलवली. नाही. विचारलं नव्हतं.

ईश्वरीला समजायला एक क्षण लागला. आईला सगळं माहीत होतं. पितळी डबी उघडली त्या दिवसापासून माहीत होतं. आणि ती आता अर्ध्या तोंडानं लेकीला पाठीशी घालत होती.

साहेब लिहायला लागले.

"थांबा," ईश्वरी म्हणाली. "विचारलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा मी नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांना नाही नाही ते बोलले, म्हणून त्या गप्प बसल्या."

"म्हणजे तुम्ही खोटं सांगितलं?"

"नाही. मला खरंच वाटत होतं तसं. आम्ही तंबाखू खात नाही. आम्ही भाजून दाताला लावतो." तिनं आपली बोटं त्यांच्यापुढं धरली. "तव्यावर टाकली तरी ती तंबाखूच राहते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि मी कधी विचार केला नाही. मी नऊ वर्षं भाजतेय. तुमच्या फॉर्मवर मिसरी लिहा साहेब. नाहीतर नुसतं विचारा, दात कशानं घासता. तेवढं विचारलं असतं तर माझ्या आईनं लगेच डबी काढून दाखवली असती. लपवण्यासारखं तिच्याकडं काही नव्हतंच."

दाराशी आक्काताईचा हात नकळत कमरेच्या डबीवर गेला आणि तिथंच राहिला.

साहेब गेले. बायका गेल्या. शालननं भिंतीकडं तोंड केलं, ते तीन दिवस. ईश्वरी चमच्यानं पेज भरवायची, ती गिळायची, पण लेकीकडं बघायची नाही. लपवलेलं उघड केलं म्हणून राग, की आपलं वाचवणं पोरीनं नाकारलं म्हणून, की सगळ्याचाच, ते ईश्वरीला कळेना. भांडून सोडवता येईल असं ते नव्हतं. तिनं परसातले तीन दगड उचलून बांधावर फेकले. तवा मात्र हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मग तो पालथा घालून ठेवला, टाकला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती तांब्या घेऊन आत आली, तर शालन उठून बसली होती. सवयीनं तिचा हात कमरेला गेला. डबी नव्हती. तरी तिनं बोट तोंडात घातलं, डावीकडं, आणि जिथं हिरडी होती तिथं कोरडंच फिरवायला लागली. दोनदा, तीनदा. मग बोट थांबलं.

ईश्वरी दारातच उभी राहिली.

शालननं हात पुढं केला. लेकीचा उजवा हात धरून जवळ ओढला, बोटं नाकाशी नेली आणि लांब श्वास घेतला. बोटांना साबणाचा वास होता. तिनं परत एकदा हुंगलं, खात्री करून घेतल्यासारखं. मग तोंडावरचा पदर खाली केला, खालचे उजवीकडचे उरलेले सात दात उघडे केले आणि लेकीचं ते बोट त्यांच्यावर नेऊन ठेवलं.

ईश्वरी लहान असताना आई असंच तिचे दुधाचे दात घासून द्यायची.

तिनं तांब्यात चिमूटभर मीठ टाकलं, बोट बुडवलं आणि घासायला लागली. हळू, एकेक दात. दात घट्ट होते. एकही हलत नव्हता.